यंत्राचें सिंहावलोकन

सिंह कांहीं अंतर चालून गेला म्हणजे थांबतो, मान वळवून आलेली वाट एकदां न्याहाळतो आणि मगच पुढें पाऊल टाकतो, अशी समजूत आहे. त्यावरूनच मागील गोष्टींचा आढावा घेण्यास 'सिंहावलोकन' हा शब्द रूढ झाला. वनराजास हें जितकें सहज साधतें तितकें मोटारींत बसलेल्या मनुष्यास साधत नाहीं. त्याचे दोन्ही डोळे समोर, पाठीशीं आसनाची उंच पाठ, तिच्यामागें प्रवाशांचीं डोकीं, त्यांच्यामागें कांच, आणि त्या कांचेच्याही खालीं पत्र्याचा तो भाग, ज्याच्या पलीकडे जमिनीलगत काय आहे हें कोणत्याच आरशांत दिसत नाहीं. शंभर मैलांचा घाटरस्ता निर्वेधपणें उतरून आलेला चालक घरच्या फाटकांत गाडी मागें घेतांना दहा हातांच्या अंतरांत भिंतीस, खांबास आणि कधीं कधीं जिवंत मनुष्यास धक्का देतो. या दहा हातांच्या अंतराचा इतिहास मनोरंजक आहे आणि तितकाच हृदयद्रावकही आहे. आरसा, घंटा, प्रतिध्वनि, कॅमेरा आणि शेवटीं आपण होऊन ब्रेक लावणारें यंत्र, अशा पायऱ्यांनीं मनुष्यानें आपल्या पाठीला डोळे कसे लावून घेतले, हें क्रमानें पाहण्याजोगें आहे.

पहिल्या मोटारीपुढें हा प्रश्नच आला नव्हता. कार्ल बेंझ या जर्मन यंत्रज्ञानें १८८६ सालीं जिचें पेटंट घेतलें, त्या तीनचाकी गाडीस उलट जाण्याची सोयच नव्हती. गाडी हलकी होती, रस्ते रिकामे होते. मागें न्यायची झाल्यास खालीं उतरून हातानें ढकलली म्हणजे काम भागत असे. पुढें गाड्या जड झाल्या, उलट गतीचा गिअर आला आणि त्याच्या पाठोपाठ अडचणही आली. या अडचणीचें मूळ मोटारीहूनही जुनें आहे. म्युनिकचा गाडीकारागीर गेओर्ग लांकेन्स्पर्गर यानें घोडागाडीचीं पुढचीं दोन चाकें वेगवेगळ्या कोनांत वळवण्याची युक्ति काढली आणि रुडॉल्फ आकरमन यानें १८१८ सालीं तिचें लंडनमध्यें पेटंट घेतलें. तेव्हांपासून पुढच्या चाकांनीं वळावें आणि मागच्यांनीं निमूटपणें त्यांच्यामागून जावें, हा चाकांचा शिरस्ता झाला. पुढें जातांना तो फार सोयीचा आहे. परंतु गाडी मागें निघाली म्हणजे वळणारीं चाकें शेपटीकडे येतात. होडीच्या सुकाणूंप्रमाणें मागच्या टोंकानें दिशा ठरूं लागते आणि नाकाचा कोपरा बाहेरच्या अंगास झोंकला जातो. चालकानें मागें लक्ष द्यावें तर पुढचा कोपरा शेजारच्या गाडीस घांसतो. पुढें लक्ष द्यावें तर मागें काय आहे तें कळत नाहीं. गाडी मागें घेणें ही केवळ पुढें जाण्याची उलट क्रिया नव्हे. ती एक स्वतंत्र विद्या आहे.

या विद्येचें पहिलें साधन म्हणजे आरसा. डॉरोथी लेव्हिट ही विसाव्या शतकाच्या आरंभींची नामांकित इंग्रज मोटारचालक स्त्री. स्त्रियांनीं मोटार कशी चालवावी यावर तिनें १९०९ सालीं एक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत तिचा एक सल्ला असा कीं, गाडींत एक दांडीचा हातआरसा ठेवावा; तो केवळ केंस सांवरण्यासाठीं नव्हे, तर मधून मधून उंच धरून मागून काय येत आहे तें पाहण्यासाठीं. यानंतर दोनच वर्षांनीं, ३० मे १९११ रोजीं, अमेरिकेंतील इंडियानापोलिस येथें ५०० मैलांची पहिली शर्यत झाली. इतर गाड्यांत चालकाशेजारीं एक मेकॅनिक बसलेला असे आणि मागून कोण येत आहे हें तो सांगत असे. रे हॅरून हा मात्र एका आसनाच्या गाडींतून एकटाच उतरला. प्रतिस्पर्ध्यांनीं हरकत घेतली कीं, मागें पाहणारा कोणी नसल्यानें हा सर्वांनाच धोका आहे. त्यावर हॅरूननें आपल्यासमोर एक आरसा बसवला आणि ताशीं सुमारें ७५ मैलांच्या सरासरी वेगानें शर्यत जिंकली. शिकागो शहरांतील एका घोडागाडीवर असा आरसा पाहून आपणास ही कल्पना सुचली, असें त्यानें पुढें सांगितलें. आणि विटांच्या त्या रस्त्यावर आरसा इतका हादरत होता कीं त्यांत कांहींच दिसत नव्हतें, हेंही त्यानेंच कबूल केलें. साधन हाताशीं असणें निराळें आणि त्यांतून दिसणें निराळें, हा धडा अशा रीतीनें या इतिहासाच्या पहिल्याच पानावर लिहिला गेला.

१९२१ च्या सुमारास एल्मर बर्गर या अमेरिकन गृहस्थानें मोटारीच्या आरशाचें पेटंट घेऊन तो विकण्यास आरंभ केला. गंमत अशी कीं, मागून येणारा पोलिस वेळींच दिसावा हा त्याच्या जाहिरातीचा मुख्य मुद्दा होता. अपघात टळावा हा विचार मागाहून आला. आरसा सर्वत्र पसरला, पण त्याचें सामर्थ्य रस्त्यावर दूरवर पाहण्यापुरतें होतें. गाडीच्या अगदीं पाठीशीं, जमिनीलगत बसलेलें मूल किंवा टेकलेली सायकल तो दाखवूं शकत नव्हता. बाहेरगोल कांचेच्या आरशानें दृष्टीचा टापू वाढला. परंतु त्यांत वस्तु लहान दिसतात, म्हणून आहेत त्याहून दूर भासतात.

शहरांत गाड्यांची दाटी झाली तशी उभ्या गाडीस जागा मिळणें हाच एक प्रश्न झाला. १९३५ च्या जुलै महिन्यांत ओक्लाहोमा शहरांत पहिलें पार्किंग मीटर लागलें, आणि रस्त्याकडेची जागा विकत घेण्याची वस्तु झाली. दोन गाड्यांच्या मधल्या फटींत आपली गाडी उलट शिरवणें हें चालकाच्या कौशल्याचें मोजमाप ठरलें. कॅलिफोर्नियाच्या ब्रूक्स वॉकरनें यावर एक अजब तोड काढली. गाडीच्या मागें ठेवलेलें जादा चाक खालीं उतरवून आडवें फिरवावें, म्हणजे गाडीची शेपटी उचलली जाऊन बाजूला सरकत फटींत शिरते. १९५० नंतरच्या वर्षांत त्यानें हें पांचवें चाक एका पॅकार्ड गाडीस लावून लोकांस दाखवलें. लोकांनीं कौतुक केलें. कारखानदारांनीं तें घेतलें नाहीं. त्या चाकाचें वजन, खर्च आणि गुंतागुंत यांच्या मानानें फायदा थोडा होता.

तोंपर्यंत खरें साधन एकच होतें, आणि तें म्हणजे दुसरा मनुष्य. महाराष्ट्रांत तें अद्यापि दिसतें. एस. टी. ची गाडी स्थानकांत मागें घ्यावयाची असली म्हणजे कंडक्टर खालीं उतरून शिट्टीच्या ठेक्यावर ती मागें घेववितो. ट्रकचा क्लीनर मागच्या फळीवर थाप मारीत 'येऊं द्या, येऊं द्या' म्हणून ओरडतो आणि थापेचा ठेका बदलला कीं चालक थांबतो. त्याचा हात, त्याची शिट्टी आणि त्याची हांक या तिन्हींवर चालकाचा विश्वास असतो. ज्या गाडींत असा सोबती नाहीं तिच्यासाठीं यंत्रानें आवाज करावा, ही कल्पना जपानांत मात्सुसाबुरो यामागुचि यानें १९६३ सालीं व्यवहारांत आणली. गाडी उलट निघतांच टूं टूं असा आवाज करणारी घंटा त्यानें बनवली. हिंदुस्थानांत तिनें चित्रपटांतील चालींचें रूप घेतलें आणि गल्लोगल्लीं तें संगीत ऐकूं येऊं लागलें. परंतु ही घंटा मागच्या मनुष्यास सावध करते, चालकास नव्हे. जो ऐकूं शकत नाहीं, किंवा ऐकूनही ज्यास अर्थ कळत नाहीं, अशा लहान मुलापुढें तिचा उपाय चालत नाहीं.

चालकास सावध करणारें साधन कोठून आलें, याची कथा अठराव्या शतकाच्या शेवटास इटलींत सुरूं होते. लाझारो स्पालान्झानी हा पाविया विद्यापीठांतील शास्त्रज्ञ. १७९३ सालीं त्यास आढळलें कीं, डोळे गेलेलीं वटवाघुळेंही काळोख्या खोलींत दोऱ्यांना न धडकतां उडतात. पुढील वर्षीं जिनीव्हाचा शस्त्रवैद्य लुई ज्यूरिन यानें त्यांचे कान बंद करून पाहिले, तों तीं वटवाघुळें जेथें तेथें धडकूं लागलीं. कानांनीं पाहणें ही गोष्ट तत्कालीन विद्वानांस इतकी असंभाव्य वाटली कीं, क्यूव्हिएसारख्या मातबर निसर्गशास्त्रज्ञानें ती सोडून देऊन स्पर्शज्ञानाचा सिद्धान्त मांडला, आणि सत्य शंभराहून अधिक वर्षें बाजूला पडून राहिलें. अखेर हार्वर्ड विद्यापीठांतील डोनल्ड ग्रिफिन या तरुण विद्यार्थ्यानें १९३८ सालीं आपलीं वटवाघुळें पीअर्स या भौतिकशास्त्रज्ञाच्या यंत्रापुढें नेलीं. मनुष्याच्या कानास ऐकूं न येणारे ध्वनि ऐकणारें तें यंत्र होतें. मुकीं समजलीं जाणारीं वटवाघुळें अखंड ओरडत असतात, हें त्या दिवशीं कळलें. ग्रिफिन व रॉबर्ट गॅलॅम्बॉस या दोघांनीं पुढें सिद्ध केलें कीं, आपल्याच हांकेचा प्रतिध्वनि ऐकून तो प्राणी अडथळा ओळखतो.

असा श्रवणातीत ध्वनि उत्पन्न करण्याची किल्ली त्याआधींच मनुष्याच्या हातीं आलेली होती. १८८० सालीं झाक व पिएर क्यूरी या बंधूंनीं दाखवलें कीं, स्फटिकासारख्या कांहीं पदार्थांवर दाब दिला असतां त्यांत वीज उत्पन्न होते. आणि लवकरच याच्या उलट, वीज दिली असतां ते पदार्थ थरथरतात हेंही सिद्ध झालें. १९१२ सालीं हिमनगावर आदळून टायटॅनिक बुडाली आणि दोनच वर्षांनीं महायुद्ध सुरूं होऊन पाणबुड्यांचा उपद्रव वाढला. तेव्हां पॉल लांझव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञानें स्फटिकाच्या या गुणाचा उपयोग करून पाण्यांत श्रवणातीत हांक मारण्याची आणि तिचा प्रतिध्वनि टिपण्याची युक्ति सिद्ध केली. पाण्याखालीं शत्रु शोधणाऱ्या या विद्येनें पुढें अंधांच्या हातांत काठीची जागा घेण्याचा प्रयत्न केला. १९६० च्या सुमारास इंग्लंडांत लेस्ली के या अभियंत्यानें हातांत धरावयाचा ध्वनिदीप बनवला. समोरच्या वस्तूवरून परतणारा ध्वनि तो ऐकूं येईल अशा सुरांत बदलून देत असे. नॉटिंगहॅम विद्यापीठांत टोनी हेइज यांनींही अंधांसाठीं असेंच मार्गदर्शक यंत्र तयार केलें, आणि मागें सरकणाऱ्या मोटारीसही हेंच साधन उपयोगी पडेल, हा विचार मांडला. विचार सरळ होता. मागें जाणारा चालक हा त्या क्षणापुरता अंधच असतो. मग जें अंधास उपकारक तें त्यास कां नसावें?

बाजारांत ही कल्पना प्रथम जपानांत आली. १९८२ सालीं टोयोटा कंपनीनें आपल्या कोरोना गाडीस मागचे अडथळे सांगणारें ध्वनियंत्र देऊं केलें. युरोपांत १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत बीएमडब्ल्यूसारख्या महाग गाड्यांत तें दिसूं लागलें, आणि पुढील दोन दशकांत सामान्य गृहस्थाच्या गाडीपर्यंत उतरलें.

या यंत्राचें काम समजण्यास अवघड नाहीं. मागच्या बंपरवर रुपयाच्या नाण्याएवढ्या तीन-चार गोल टिकल्या दिसतात. प्रत्येक टिकली म्हणजे ॲल्युमिनिअमची एक लहानशी वाटी असून तिच्या तळाशीं आंतून स्फटिकगुणी पदार्थाची चकती चिकटवलेली असते. विजेचा झटका मिळतांच ती चकती सेकंदास चाळीस हजारांहून अधिक वेळां थरथरते. मनुष्याचा कान सुमारें वीस हजारांपलीकडे ऐकत नाहीं, म्हणून ही हांक गाडींतील कोणासच ऐकूं येत नाहीं. हांक मारून झाली कीं तीच चकती गप्प राहून कान देते. ध्वनि हवेंतून सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. एक मीटरवरील भिंतीस लागून तो परत यावयास सुमारें सहा सहस्रांश सेकंद लागतात. तेवढा काळ मोजला कीं अंतर कळलें. टिकल्या पाळीपाळीनें हांक मारतात आणि शेजारच्या टिकल्याही ती ऐकतात, म्हणून भूमितींतील त्रिकोणाच्या नियमानें अडथळा कोणत्या बाजूस आहे हेंही उमगतें. मग चालकाच्या कानीं टूं टूं असा आवाज येतो. अंतर घटेल तशी त्याची लय वाढते आणि हातभर अंतर राहिलें म्हणजे तो अखंड वाजूं लागतो. कंडक्टरच्या शिट्टीची आणि क्लीनरच्या थापेची लय हीच होती; यंत्रानें ती उचलली एवढेंच.

या युक्तीच्या मर्यादाही ध्वनीच्या स्वभावांतूनच निघतात. उन्हाळ्यांत हवा तापली कीं ध्वनीचा वेग वाढतो. नागपूरच्या पंचेचाळीस अंशांच्या दुपारीं आणि महाबळेश्वरच्या दहा अंशांच्या पहांटे त्याच्या वेगांत सुमारें सहा टक्क्यांचा फरक पडतो, म्हणून चांगल्या यंत्रास उष्णतेचा हिशेब ठेवावा लागतो. अगदीं जवळची वस्तु त्यास नीट ऐकूं येत नाहीं. कारण हांक मारल्यावर वाटीची थरथर थांबण्याच्या आंतच प्रतिध्वनि परतलेला असतो. बंपरच्या खालीं राहणारा दगड, बारीक सळई, तारेचें कुंपण हीं त्याच्या कचाट्यांतून निसटतात. मऊ कापड ध्वनि पिऊन टाकतें, म्हणून भिंतीइतका खणखणीत जबाब लोंकरी कपडे घातलेल्या मुलाकडून मिळत नाहीं. आणि पावसाळ्यांतील चिखल टिकल्यांवर थापला गेला म्हणजे यंत्राचे कानच बंद होतात. ज्यूरिनच्या वटवाघुळांहून मग त्याची स्थिति निराळी राहत नाहीं.

ध्वनियंत्र 'कांहीं तरी आहे' एवढें सांगतें. काय आहे तें सांगत नाहीं. त्यासाठीं डोळाच हवा. तो लावण्याचें स्वप्न फार पूर्वींच पडलेलें होतें. १९५६ सालीं अमेरिकेंतील ब्यूइक कंपनीनें 'सेंच्युरिअन' नांवाची एक प्रदर्शनी गाडी मांडली. तिला आरसा नव्हता. मागच्या अंगास दूरचित्रवाणीचा कॅमेरा आणि चालकासमोर पडदा होता. त्या काळचा कॅमेरा अवजड व महाग असल्यानें ती कल्पना प्रदर्शनाबाहेर पडली नाहीं. पुढें १९६९ सालीं बेल प्रयोगशाळेंत विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनीं प्रकाशाचें विजेंत रूपांतर करणारी चिमुकली चकती शोधून काढली; त्याबद्दल चाळीस वर्षांनीं, २००९ सालीं, त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. तिच्यामुळें कॅमेरा बोटाच्या पेराएवढा झाला. १९९१ सालीं टोयोटाच्या सोअरर या गाडींत तो मागच्या बाजूस बसवलेला जपानी ग्राहकांस मिळाला. २००७ सालीं निस्सान कंपनीनें चारी बाजूंस चार कॅमेरे लावून त्यांचीं चित्रें जोडलीं आणि पक्ष्याला वरून दिसावी तशी गाडी पडद्यावर दाखवली. मागील चित्र आरशाप्रमाणें डावें-उजवें उलटून दाखवतात, नाहीं तर चालकाची दिशाभूल व्हावयाची. आणि स्टिअरिंग जितकें फिरवावें तितक्या वळणाऱ्या रेषा त्यावर काढून गाडी कोठें जाईल हें आधींच सुचवतात. लांकेन्स्पर्गरच्या चाकांनीं घातलेलें कोडें दोनशें वर्षांनीं पडद्यावरील दोन रेषांनीं सुटलें.

येथवर हा इतिहास सोयीचा आणि चैनीचा वाटेल. त्यास गांभीर्य आणणारी घटना २००२ सालीं न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंड येथें घडली. बालरोगांवर उपचार करणारे एक डॉक्टर रात्रीच्या वेळीं आपल्याच अंगणांत गाडी मागें घेत होते. त्यांनीं आरसे पाहिले होते, मान वळवूनही पाहिलें होतें. त्यांचा दोन वर्षांचा मुलगा घरांतून निसटून गाडीमागें आला होता. तो दिसणें शक्यच नव्हतें. तो त्याच गाडीखालीं गेला. असा प्रसंग एकट्या त्या घरावर आलेला नव्हता. अमेरिकेच्या सरकारी मोजदादीप्रमाणें मागें येणाऱ्या गाडीखालीं तेथें वर्षास सरासरी २१० माणसें मृत्यु पावत आणि सुमारें १५,००० जखमी होत. मृतांपैकीं ३१ टक्के पांच वर्षांखालील मुलें आणि २६ टक्के सत्तरी ओलांडलेलीं माणसें होतीं. म्हणजे ज्यांना पटकन् बाजूस होतां येत नाहीं आणि ज्यांना घरानें जपावें, तींच घराच्या दारांत बळी पडत होतीं. आणि चाकामागें बसलेला मनुष्य पुष्कळदां त्यांचाच आई, बाप किंवा आजा असे. हें दुःख निराळ्या जातीचें आहे. त्यांत शत्रु नाहीं, निष्काळजी तिऱ्हाईत नाहीं. ज्यानें जन्म दिला त्याच्याच हातून घडलेलें तें असतें.

त्या डॉक्टरांनीं व त्यांच्यासारख्या इतर पालकांनीं हें दुःख उरांत न ठेवतां लोकप्रतिनिधींपुढें मांडलें. त्यांतून कॅमरन गुल्ब्रान्सन या बालकाच्या नांवाचा मुलांच्या वाहनसुरक्षेचा कायदा झाला आणि २८ फेब्रुवारी २००८ रोजीं राष्ट्राध्यक्ष बुश यांनीं त्यावर सही केली. कायद्यानें तीन वर्षांत नियम करावयास सांगितलें होतें. पण खर्चाचा प्रश्न पुढें आला आणि मुदत पुनः पुनः लांबली. पडदा नसलेल्या गाडीस पडद्यासह कॅमेरा बसवण्यास दीडशें डॉलरांच्या आंत खर्च येतो, आणि वांचणारे प्राण वर्षास साठ-सत्तर. एका पारड्यांत लक्षावधि गाड्यांचा खर्च आणि दुसऱ्यांत एवढीं थोडीं मुलें, असा तो हिशेब होता. अखेर २०१३ सालीं पालकांनीं सरकारविरुद्ध न्यायालयांत धांव घेतली, आणि ३१ मार्च २०१४ रोजीं नियम जाहीर झाला. मोटारींसह सर्व हलक्या वाहनांना मागचा कॅमेरा असावा. गाडीच्या पाठीमागची दहा फूट रुंद व वीस फूट लांब जागा त्यांत दिसावी. आणि उलटा गिअर पडल्यावर दोन सेकंदांच्या आंत चित्र उमटावें, असें ठरलें. १ मे २०१८ पासून तो प्रत्येक नव्या गाडीस लागूं झाला. त्या बालकाच्या मृत्यूपासून यास जवळजवळ सोळा वर्षें लागलीं.

इतर देशांनींही हीच वाट धरली. युरोपीय संघानें जुलै २०२२ पासून नव्या नमुन्याच्या आणि जुलै २०२४ पासून सर्व नव्या गाड्यांना मागील अडथळा दाखवणारी योजना आवश्यक केली. हिंदुस्थानांत १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारीस मागच्या अडथळ्याची सूचना देणारी योजना असलीच पाहिजे असा नियम आहे. चालकासाठीं हवेची पिशवी, पट्ट्याची आठवण आणि वेगाचा इशारा यांच्याबरोबर ती आली. असे वाहनविषयक दर्जे ठरवण्याच्या कामांत पुण्याच्या वेताळ टेकडीवरील 'एआरएआय' या संशोधनसंस्थेचा मोठा वाटा आहे. १९६६ सालीं स्थापन झालेली ही संस्था गाड्यांची परीक्षा घेऊन दाखले देते. जेथें इमारतीखालची गाड्यांची जागा हेंच मुलांचें क्रीडांगण असतें, आणि सुटीच्या दिवशीं दोन गाड्यांच्या मध्यें यष्टि उभ्या राहतात, त्या शहरांत या नियमाचें महत्त्व वेगळें सांगावयास नको.

दरम्यान यंत्रानें आणखी एक पाऊल टाकलें. सूचना देणें सोडून तें स्वतः काम करूं लागलें. १९९० च्या दशकांत फ्रान्समधील इन्रिया या संस्थेंत एका लहान विजेच्या गाडीनें स्वतःच रस्त्याकडेच्या जागेंत शिरून दाखवलें. जागेची लांबी मोजावयाची, दोन कमानी जोडून काढलेल्या वळणाचा मार्ग आंखावयाचा आणि त्याप्रमाणें चाकें फिरवावयाचीं, असें त्याचें गणित आहे. २००३ सालीं टोयोटानें जपानांत विकलेल्या प्रायस गाडींत ही सोय प्रथम ग्राहकांस मिळाली. विजेच्या मोटरनें स्टिअरिंग फिरवण्याची पद्धत आल्यामुळेंच हें जमलें. यानंतर रडार आलें. मागच्या दोन कोपऱ्यांत बसवलेलें रडार आडव्या रस्त्यानें वेगानें येणारी गाडी, ती दिसण्यापूर्वींच ओळखतें; ध्वनीस तेवढा पल्ला नाहीं. आणि २०१२ च्या सुमारास इन्फिनिटी कंपनीनें, चालकानें सूचनेकडे दुर्लक्ष केल्यास स्वतःच ब्रेक लावणारी योजना बाजारांत आणली.

या सर्वांचा उपयोग किती झाला, हें अमेरिकेंतील विमाकंपन्यांच्या महामार्ग-सुरक्षा संस्थेनें मोजलें आहे. नुसत्या कॅमेऱ्यामुळें मागें जातांनाचे, पोलिसांत नोंदले गेलेले अपघात सुमारें १७ टक्क्यांनीं घटले. कॅमेरा, सेन्सर आणि स्वयंचलित ब्रेक हीं तिन्हीं असलेल्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत मात्र ही घट ७८ टक्क्यांपर्यंत गेली. या दोन आंकड्यांमधलें अंतर विचार करण्याजोगें आहे. कॅमेरा सर्व कांहीं दाखवतो. पण पाहावें लागतें मनुष्यानेंच. त्याच संस्थेनें मुलाच्या आकाराचें बाहुलें गाडीमागें ठेवून प्रयोग केले, तेव्हां बाहुलें सांवलींत असतां कॅमेऱ्याचा उपयोग बराच कमी झाला. हॅरूनचा आरसा विटांच्या रस्त्यावर हादरत होता. आजचा पडदा हादरत नाहीं, परंतु त्याच्यासमोरचें मन घाईनें, फोननें आणि संवयीनें हादरत असतें.

म्हणून या इतिहासाचें तात्पर्य यंत्राची निंदा हें नव्हे आणि यंत्राचें स्तोत्र हेंही नव्हे. शंभर वर्षांत मनुष्यानें आपल्या पाठीस आरसा, कान आणि डोळा लावला. घरच्या दारांत होणारे कित्येक अनर्थ त्यानें टळले आणि पुढेंही टळतील. 'पुढच्यास ठेंच, मागचा शहाणा' ही म्हण येथें शब्दशः खरी ठरली. एका घरानें सोसलेल्या दुःखाचें इतरांच्या मुलांसाठीं कवच झालें. तथापि जुन्या गाड्या अद्यापि रस्त्यावर आहेत, त्यांना ना सेन्सर ना कॅमेरा. आणि नव्या गाडीच्याही टिकल्यांवर चिखल बसतो. अशा वेळीं उरतो तो उपाय सर्वांत जुना आणि बिनखर्चाचा आहे. गाडींत बसण्यापूर्वीं तिच्याभोंवतीं एक फेरी घालावी, मुलें कोठें आहेत हें डोळ्यांनीं पाहावें, त्यांचा हात कोणा मोठ्या माणसाच्या हातीं द्यावा, आणि मग माणसाच्या चालीहूनही सावकाश गाडी मागें घ्यावी. सिंह मान वळवतो तेव्हां तो थांबलेलाही असतो. यंत्र मान वळवून पाहूं शकतें. थांबून पाहण्याची संवय मात्र चालकाची स्वतःची असावी लागते.